मुदीचे कान

तायडेकाका गेले त्याला आता वर्ष होत आलं, पण पहाटे पाचला समोरच्या ओट्यावर वाटी आपटल्याचा आवाज आला नाही की मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. दिल्लीत आमच्या द्वारकेच्या सोसायटीत दोन फ्लॅटांची स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात. बिल्डरने ही जागा उजेडासाठी ठेवली होती म्हणे. उजेड तिथे कधी आला नाही, शेजाऱ्यांच्या फोडण्या आणि भांडणं मात्र बिनचूक येतात. माझ्या खिडकीसमोर काकांची खिडकी. मी घरी बसून सरकारी पत्रकांचे मराठी अनुवाद करते आणि उठल्यापासून माझा मुक्काम चहाच्या भांड्याजवळ असतो. त्यामुळे सहा वर्षं मी त्या माणसाला डबा भरताना पाहिलं. याला डोकावणं म्हणतात हे मला माहीत आहे.

डबा नातीचा, यशोधराचा. देवीदास तायडे मूळचे अकोल्याकडचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात जन्मभर ड्राफ्ट्समन. उंच, सडसडीत, शर्टाच्या खिशात टोक काढलेली पेन्सिल. ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ड्रॉइंग बोर्ड गच्चीवर गेले, तरी पेन्सिल खिशातून हलली नव्हती. काकू त्यांच्या रिटायरमेंटच्या आधीच गेल्या आणि सरकारी क्वार्टर सोडून काका मुलाकडे राहायला आले. मुलगा मिलिंद मात्र नोकरीसाठी रायपूरला, महिन्यातून एकदा येणारा. सून वैशाली मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात. तिची कंपनीची बस सकाळी साडेपाचला गेटवर. म्हणजे सकाळी घरात उरायचे दोघंच, गॅस पेटवायलाही घाबरणारे काका आणि सात वर्षांची यशू.

वैशाली साडेचारला उठून पोळी-भाजी करायची, काका ती डब्यात भरायचे, आणि डबा दुपारी जसाच्या तसा परत यायचा. दोन महिने हे चाललं. यशूचं वजन उतरलं, शाळेच्या डायरीत शेरा आला. एका संध्याकाळी वैशाली मला लिफ्टमध्ये भेटली आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता रडायला लागली.

"ताई, नोकरी सोडते मी. माझी पोरगी खातच नाही, यार. कशाला करायची मग?"

मी तिला घरात नेऊन पाणी दिलं. घरी जाऊन तिने हेच काकांना सांगितलं असावं, कारण डक्टमधून त्यांचं उत्तर मला स्वच्छ ऐकू आलं. एरवी त्यांचा आवाज खिडकीबाहेर पडत नसे.

"नोकरी सोडायची नाही. डबा माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक दुमजली डबा काढला. वैशालीच्या कारखान्यात जपानी साहेब आहेत. तिथल्या कुटुंबमेळाव्यात एका साहेबाच्या बायकोने घरच्या जेवणाचे सजवलेले डबे करून दाखवले होते आणि प्रत्येकीला एकेक रिकामा डबा भेट दिला होता. वैशालीने त्यात बटणं आणि सेफ्टी पिना ठेवल्या होत्या. काकांनी त्या वर्तमानपत्रावर ओतल्या, डबा धुतला आणि पट्टीने मोजायला घेतला. मी खिडकीतून विचारलं, काय चाललंय?

"ताई, याला खण आहेत," ते म्हणाले. वैशाली त्याला बेंतो म्हणायची. काकांनी तो शब्द एकदा उच्चारून पाहिला आणि सोडून दिला. त्यांच्यासाठी तो शेवटपर्यंत खणांचा डबा होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी सहाला ते आलेखाचा कागद घेऊन बसत आणि उद्याच्या डब्याचा नकाशा काढत. वरून कसा दिसेल तो प्लॅन, बाजूने कसा दिसेल ते एलिव्हेशन. झाकण लागायला पाहिजे, त्यामुळे उंचीवर त्यांचा फार कटाक्ष. स्वयंपाक ते वैशालीकडून आणि थोडाफार खिडकीतून माझ्याकडून शिकले, आणि शिकले ते सगळं मापाने. माझ्या 'अंदाजाने घाला' या वाक्यावर ते पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहत राहायचे, मग मला चमचे मोजावे लागायचे. त्यांच्या गावाकडची पाटवडी त्यांना फार उपयोगी पडली. ताटात थापलेलं घट्ट बेसन, पाहिजे तसं कापा. त्याचे मासे झाले, घरं झाली, एकदा तर आमच्या सोसायटीचा बी टॉवर झाला, गळकी टाकी धरून. जपानी लोक डोळे-तोंड करायला समुद्री शेवाळाचा काळा कागद वापरतात. वैशालीने गुडगावहून तो आणूनही दिला. काकांनी वास घेतला, पुन्हा पिशवीत घातला आणि भाजलेल्या वांग्याची साल वापरायला सुरुवात केली. वांग्याची साल इतकी काळी, इतकी चिवट असते हे मला चाळीस वर्षं भरीत करून कळलं नव्हतं. रेझर ब्लेडने ते तिच्यातून चेहऱ्यांच्या भुवया कापायचे.

शिवाय एक नियम. पोकळी ठेवायची नाही. पोकळी ठेवली की माल हलतो, असं ते म्हणत आणि उरलेल्या फटीत मटाराचे दाणे चिमट्याने एकेक करून बसवत.

पण मुख्य गोष्ट म्हणजे मूद. वाटीत भात दाबायचा, ओट्यावर पालथी घालायची, वाटीच्या बुडावर दोनदा टकटक करायचं आणि वाटी उचलायची. आपल्याकडे पानात वाढतात तशीच. पहिल्यांदा त्यांनी ती डब्यात ठेवली तेव्हा यशू स्टुलावर बसून पाहत होती.

"आबा, हे काय आहे?"

"मूद."

"कौनसा मूड?"

दिल्लीत वाढलेली पोर. तिला मूद कुठून माहीत असणार? तिच्या घरी भात कुकरमधून थेट ताटात पडायचा. माझ्यातली अनुवादक लगेच जागी झाली आणि शब्द दुरुस्त करायला मी खिडकीशी गेले. पण काकांनी मला हातानेच थांबवलं. मग त्यांनी वांग्याच्या सालीचे दोन डोळे आणि एक तिरकं तोंड कापून मुदीवर चिकटवलं आणि म्हणाले, "आज झोपाळू."

तेव्हापासून बहुतेक रोज एक मूड. झोपाळू, चिडका, मिजासखोर, सर्दी झालेला (बीटाचं लाल नाक), परीक्षा असलेला. रडका तेवढा त्यांनी कधी केला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पोरगी तिकडे एकटी डबा उघडते, समोर रडकं तोंड कशाला? पुढे यशूने शाळेत इंग्रजीच्या निबंधात लिहिलं की माझे आजोबा रोज सकाळी माझा मूड बनवतात आणि मी तो खाते. बाईंनी वैशालीला बोलावून घेतलं आणि दार लावून विचारलं, "घर में सब ठीक है ना?" वैशालीला अर्ध्या दिवसाची रजा पडली. काकांना मात्र हा निबंध इतका आवडला की त्याची झेरॉक्स त्यांनी नकाशांच्या फाइलमध्ये लावून ठेवली.

नात घरी आली की ते एकच प्रश्न विचारायचे. आवडला का, संपवला का, असलं काही नाही. "कुठून सुरुवात केलीस?" नकाशा काढणाऱ्या माणसाचा प्रश्न. आणि यशू सांगायची, "कानापासून." ससा असो, मांजर असो नाहीतर चिडका मूड, त्याला गाजराचे किंवा काकडीचे कान असायचेच, आणि ती कान आधी खायची.

सुरुवातीच्या दिवसांतलीच गोष्ट. एका दुपारी ती आली, काकांनी विचारलं, ती बूट काढता काढता म्हणाली, "कानापासून." तिने दप्तर टाकलं आणि खेळायला गेली. मग ते खिडकीशी येऊन मला हळूच म्हणाले, "आज मासा होता, ताई."

म्हणजे तिने डबा उघडलाच नव्हता. रिकामा आणला होता, पण बंदच कुणाला तरी खायला देऊन. मी असते तर पोरीला समोर उभी करून विचारलं असतं, आणि चांगलं विचारलं असतं. काकांनी आलेखाचा कागद घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मासाच होता, पाटवडीचा, डाळिंबाच्या दाण्याचा डोळा असलेला, आणि त्याला गाजराचे दोन मोठे कान होते. दुपारी यशू आली ती दारातूनच ओरडत, की माशाला कान नसतात, आबा, तुम्हाला काही येत नाही, सगळा वर्ग हसला.

"कुठून सुरुवात केलीस?"

"कानापासून," ती म्हणाली, आणि मग कालचं खोटं पकडलं गेलंय हे तिला कळलं. चेहरा उतरला तिचा. काकांनी तिला पाणी दिलं. त्यानंतर ती त्यांच्याशी डब्याबाबतीत खोटं बोलली नाही. डायरीतला शेराही पुन्हा आला नाही आणि वैशालीची नोकरी राहिली. पुढे तिला बढतीही मिळाली.

कुणी कौतुक केलेलं त्यांना सोसत नसे असं नाही, पण त्यांची तऱ्हा वेगळी होती. सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात बायकांनी डब्यांची स्पर्धा ठेवली आणि मी त्यांचं नाव परस्पर दिलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, टेबलावर डबा ठेवला, आणि झाकण काही काढेनात. परीक्षक बाई म्हणाल्या, अंकलजी, खोलिए तो. ते म्हणाले, जिसको भूख लगी हो वो खोले. बाईंचा उपास होता. बक्षीस टोमॅटोचं कमळ करणाऱ्या मुलीला गेलं आणि काका बंद डबा घेऊन घरी आले. आत काय होतं ते मला त्यांनी सांगितलं नाही, यशूने सांगितलं. आत मी होते. पाटवडीची, चष्म्यासकट, खिडकीत. मला हसू आलं आणि नंतर घरात येऊन थोडं रडूही आलं.

हवा बिघडली की दिल्लीच्या शाळा बंद होतात आणि मुलं घरात बसून मोबाइलवर शिकतात. अशा दिवसांतही डबा चुकला नाही. मधल्या सुट्टीची वेळ झाली की ते बंद डबा यशूच्या टेबलावर ठेवायचे आणि स्वतः चपला घालून बाहेर लिफ्टपाशी जाऊन उभे राहायचे. पंधरा मिनिटं. मी विचारलं, अहो घरातच आहे ती, बाहेर का? म्हणाले, डबा उघडताना करणारा समोर नको. लाजेने खावं लागतं मग.

यशू बारा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात वाटीचा आवाज बदलला. दोनदा टकटक व्हायची तिथे सलग खडखड व्हायला लागली. मी पाहिलं तर काकांचा उजवा हात थरथरत होता आणि डाव्या हाताने त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या घेऊनही ब्लेड धरलं की बोटं ऐकायची नाहीत. भुवया जाड झाल्या, डोळे एक वर एक खाली. ज्या माणसाने आयुष्यभर रेघ मारली त्याची रेघ गेली. त्यांनी उपाय केला तो म्हणजे पाचाऐवजी चारला उठायला लागले.

त्याच महिन्यात यशू मला लिफ्टमध्ये भेटली. आता ती माझ्या खांद्याएवढी.

"मावशी, एक गोष्ट सांगू? आबांना बताना मत, प्लीज. मी डबा बसमध्येच खाऊन घेते. क्लासमध्ये सगळे हसतात, सेव्हन्थमध्ये आहे मी, आणि माझ्या डब्यात बिल्ली असते."

मी म्हटलं, मग आजोबांना सांग की साधी पोळी-भाजी द्या. ती म्हणाली, ते चारला उठतात मावशी, त्यांना कसं सांगू?

आणि चारच दिवसांनी काकांचं बोट कापलं. मी पट्टी घेऊन गेले. ओट्यावर अर्धी कापलेली वांग्याची साल होती आणि आलेखाचा कागद. मी म्हटलं, काका, पुरे करा आता, मोठी झाली ती, खाईल काहीही. त्यांनी पट्टी बांधलेलं बोट बघितलं.

"तुम्हाला नाही माहीत, ताई. ती खाणार नाही. मग वैशालीची नोकरी..."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असं माझा नवरा म्हणतो आणि ते खरं आहे. त्या दिवशी राहिली. म्हातारा तिच्यासाठी उठतो आणि पोर त्याच्यासाठी बसमध्ये लपून खाते, हे दोघांनाही सांगायची सोय नव्हती. मला दोघांचाही राग आला. कुणाचा जास्त ते ठरवता येईना.

सोडवलं ते यशूनेच. तिने संध्याकाळी बोटाची पट्टी पाहिली आणि आलेखाच्या कागदासमोर जाऊन बसली. म्हणाली, आबा, उद्यापासून माझा डबा मी करणार, तुम्ही फक्त शिकवा. काकांना आनंद झाला. ब्लेड, चिमटा, वाटी असं सगळं त्यांनी तिला रीतसर सोपवलं, खात्यात चार्ज देतात तसं. आठवडाभर यशूने सजावटही केली, मग हळूहळू नुसती पोळीची गुंडाळी न्यायला लागली. त्यांनी ते पाहिलं असणार.

मात्र सवयीने चारला उठायचे. उठून त्या मोकळ्या ओट्यासमोर बसून राहायचे. मला खिडकीतून ते बघवायचं नाही, मी चहा खोलीत नेऊन प्यायला लागले. मग दुपारचं जेवण सुटलं. वैशाली सकाळी ताट झाकून ठेवायची, संध्याकाळी आली की ताट तसंच. भूक नाही, म्हणायचे. डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी होतं असं, पण खायला पाहिजे, नाहीतर हा माणूस उभा राहणार नाही. हाताने सांडतं म्हणून खात नसावेत असं वैशालीला वाटायचं. कारण तो मोकळा ओटा होता हे मला माहीत होतं आणि मला वाटतं यशूलाही.

एका सकाळी वाटी वाजली. टकटक, दोनदा. मी धावत खिडकीशी गेले. शाळेचा युनिफॉर्म घातलेली यशू ओट्याशी उभी होती. ताटात तिने मूद पाडली होती, एका बाजूने जरा खचलेली, आणि वांग्याच्या सालीचे दोन डोळे लावून एक तोंड केलं होतं. कुठला मूड ते मला काही ओळखता आलं नाही. तिने ताटावर झाकण ठेवलं, आजोबा अंघोळीहून यायच्या आत बूट घातले आणि गेली.

दुपारी ती परत आली तेव्हा मी खिडकीतच होते, हे मी लपवत नाही. तिने दप्तर खाली ठेवलं आणि काकांसमोर उभी राहिली.

"आबा, कुठून सुरुवात केली?"

"कानापासून," ते म्हणाले.

तिने त्या मुदीला कान केले नव्हते.

यशू ओट्याशी आली, झाकण उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं. मूद अख्खी होती. तिने ताट तसंच फ्रिजमध्ये ठेवलं, आजोबांना पाणी दिलं आणि अभ्यासाला बसली. मी कणिक मळायला घेतली होती, ती वाळून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला काका स्वयंपाकघरात आले. मी दिवा घालवून माझ्या खिडकीपाशी बाजूला उभी राहिले, कारण करणारा समोर नको, तसा बघणाराही नको. त्यांनी झाकण काढलं. नवी मूद होती, कालच्यासारखीच खचलेली, आणि तिला गाजराचे दोन कान होते, एक लहान, एक मोठा. काका ते पाहून हसले. मी त्यांना आवाज करून हसताना तेवढं एकदाच ऐकलं. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, थरथरती बोटं ताटापर्यंत नेली आणि मोठा कान उचलून तोंडात घातला.